बॅटरीतला विसर्ग

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई सांगलीत मामाच्या घरात शिरली. तेव्हापासून मामा कुणाच्याही कार्याला आहेर म्हणून बॅटरीच देतो. शिवाय बाबांना ऐकवतो, "पाणी तुमच्याकडनंच आलं हुतं, दाजी!" आम्ही साताऱ्याचे. कोयना कराडला कृष्णेला मिळते, त्यामुळे धरणाच्या सहा वक्र दरवाजांच्या किल्ल्या बाबांच्या खिशात असतात, अशी त्याची समजूत.

आम्हाला मिळाली ती तीन सेलची. "अल्कलाईन हायत. बघाय नगो." बाबांनी बघितलंही नाही. फक्त एक नवा सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला आणि घड्याळातला जुना बॅटरीत. "अजून जीव आहे त्यात!" पुढे दिवाळीत माळ्यावरून उतरताना ती चालूच राहिली आणि तशीच कपाटात गेली.

परवा लाइट गेली. बॅटरी काढली तर बटण आधीच चालू आणि उजेड शून्य. झाकण उघडलं. आत पांढरा थर, स्प्रिंगला हिरवट कड.

"पापडखार कुणी सांडला ह्यात?" आईने विचारलं.

आई फारशी चुकली नव्हती. अल्कलाईन सेलमध्ये जस्ताची भुकटी, मँगनीज डायऑक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दाहक द्रावण असतं. सेल नुसता पडून राहिला तरी जस्त गंजत जातं आणि हायड्रोजन सुटतो. पूर्वी त्याला आवरायला आत पारा घालत. विषारी म्हणून पुढे तो काढला. त्यात जुना सेल नव्यांच्या पंगतीला बसवला की तो आधी संपतो, पण बाकीचे दोघे त्याच्यातून वीज रेटतच राहतात. वायू आणखी वाढतो. शेवटी सेल फुटू नये म्हणून बुडाचं सील मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या जागी फाटतं. धरण वाचवायला दरवाजे उघडावेत तसं. खालच्या गावाचं काय होतं, ते सांगलीकराला समजावून सांगावं लागत नाही. इथे खालचं गाव म्हणजे स्प्रिंग. पाझरलेलं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पोटॅशियम कार्बोनेट होतं, पापडखाराचं चुलत भावंड.

मी हातमोजे घालून लिंबू पिळलं. फसफसलं. स्प्रिंग मात्र हातात आली.

बाबांनी मामाला फोन लावला.

"विसर्ग कुठल्या सेलातनं झाला, दाजी?"

"घड्याळातल्या."

"म्हंजी पुन्यांदा साताऱ्यातनंच!"

दुसऱ्या दिवशी गच्चीवर आई कुरडयांची राखण करत होती. शेजारी कागदावर उरलेले दोन सेल उन्हाला ठेवले होते.

"अजून जीव आहे," बाबा म्हणाले.