जरा मोठ्यानं बोल, ऐकू येत नाहीये!

मोबाइलवर समोरच्याचा आवाज बारीक येऊ लागला की नवशिक्यानं आधी आपला आवाज वाढवावा. गॅलरीत जाऊन "हॅलो, हॅलो" असं बेंबीच्या देठापासून ओरडावं. फोनवर याचा काडीचाही परिणाम होत नाही. पण मेव्हण्याचं हर्नियाचं ऑपरेशन गुरुवारी आहे, हे सोसायटीत वेगळं कळवावं लागत नाही. ही रीत जुनी आहे. ट्रंक कॉलच्या काळात पुण्याचा माणूस नागपूरशी असा बोले, जणू आवाज तिथवर स्वतःच पोचवायचाय. १९९५ साली देशात मोबाइल आला, गळा तोच राहिला.

शेजारी तृप्त झाले की कडेचं आवाजाचं बटण दाबावं. बहुतेकांची फसगत इथेच होते. एरवी बटण दाबलं तर रिंगचा किंवा गाण्यांचा आवाज वाढतो. बोलण्याचा आवाज निराळा. तो कॉल चालू असतानाच वाढवायचा. काकांनी रिंग इतकी वाढवलेली असते की फोन वाजला की मांजर फ्रीजवर चढतं, आणि फोन उचलून काका विचारतात, "कोण बोलतंय?"

तरीही नाही? मग फोन कुठे टेकवलाय ते आरशात पाहावं. आवाज येतो पडद्याच्या वरच्या कडेच्या बारीक फटीतून. ती कानाच्या भोकासमोर हवी. पुष्कळ लोक कानशिलाला ऐकवत बसतात. पोळ्या लाटताना मान वाकडी करून फोन खांद्याशी दाबला की फट हमखास सरकते.

आता त्या फटीत डोकवा. तिथे जाळी असते आणि जाळीत तुमचा दोन वर्षांचा घाम, पावडर, खिशातली लव आणि (राग मानू नये) कानातला मळ. वरून टेम्पर्ड ग्लास तिरकी बसली असेल तर उरलीसुरली फटही झाकली जाते. कोरडा, मऊ टूथब्रश घ्यावा, फोन पालथा धरावा, हलक्या हातानं झाडावं. ब्रश कोणाचा, हे घरात आधी ठरवून घ्यावं. टाचणी, सेफ्टी पिन, कानकोरणं लांब ठेवावं. सिमची पिन खालच्या भोकात घातलीत तर माइकच जायचा. मग तक्रार समोरच्याच्या घरी राहायला जाते.

आवाज बारीक नव्हे, मुळीच येत नसेल तर ब्लूटूथ पाहा. सूनबाई तुमच्याशी बोलतेय, पण खाली उभ्या गाडीतून.

एकाच माणसाचा आवाज बारीक येत असेल, तर दुरुस्ती त्याची. तळहातानं माइकचं भोक दाबून बोलणारे आपल्या नात्यात किमान दोघे तरी असतातच. त्यांना हे फोनवर सांगून उपयोग नसतो.

एवढं करून फोन दुसऱ्या कानाला लावून पाहावा. तिथे खणखणीत ऐकू आलं, तर फोन दुकानात नेऊ नये. कान डॉक्टरांकडे न्यावा. आमच्या सासऱ्यांनी तीन फोन बदलले, मग डॉक्टरांनी पाच मिनिटांत मळ काढला. आता घरातले सगळे विनाकारण ओरडतात, अशी त्यांची तक्रार आहे.