धाराशिवी शेळी

सोलापूर-धुळे हमरस्त्यानं येरमाळा मागं टाकलं की थोड्या वेळानं रस्त्याच्या कडेला फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या दिसायला लागतात. तेच आमचं तेरखेडा. दिवाळी लोकांकडं वर्षातून एकदा येते, आमच्याकडं ती बारा महिने माल भरत असते. त्यामुळं ह्या गावातलं पोर दोन गोष्टी बोलायच्या आधी शिकतं. एक, वात लांब ठेवायची. दोन, पेटवायच्या आधी पळायची वाट बघून ठेवायची. मी पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकलो आणि त्यातली दुसरी विसरलो.

माझं पोट काळ्या पडद्यावर चालतं. त्यावर चित्र नाही, बटण नाही, नुसती लुकलुकणारी एक रेघ. तिच्यापुढं आज्ञा लिहायची आणि एंटर दाबायचं. पहिल्यांदा लॅपटॉप घेऊन गावी आलो तेव्हा आत्या बराच वेळ मागं उभी होती. शेवटी हळूच म्हणाली, "बिघडलंय व्हय रं? राहू दे, जेवून घे आधी." तिच्या मते मी आजवर एकदाही चालू कॉम्प्युटर वापरलेला नाही.

ह्या काळ्या पडद्याची एक गंमत म्हणजे त्यात आज्ञांना टोपणनावं देता येतात. हे मला शिकवावं लागलं नाही. आमच्या आळीत खऱ्या नावानं फक्त पोस्टमन हाक मारायचा, आणि त्यालाही घर सापडायचं नाही. तेव्हा मीही माझ्या मशीनला गावची बोली शिकवली. 'हुडक' म्हटलं की ग्रेप धावतं आणि फायलींतून शब्द शोधून आणतं. 'कुठंय' म्हटलं की फाइंड. 'मागं' म्हटलं की एक फोल्डर मागं. आणि 'रामराम' म्हटलं की मशीन बंद. एकदा ऑफिसच्या दुसऱ्या सर्व्हरवर सवयीनं 'हुडक' लिहिलं, तर अशी आज्ञाच नाही म्हणून उत्तर आलं. शेजारी बसलेल्या चेन्नईच्या सहकाऱ्यानं ते वहीत टिपून घेतलं आणि दुपारी विचारलं, हे हुडक नवीन आहे का, कुठून डाउनलोड करायचं?

ही सगळी टोपणनावं बॅशआरसी नावाच्या फायलीत राहतात. त्यातल्या 'आरसी'चा आणि गाडीच्या आरसी बुकाचा संबंध नाही. १९६० च्या दशकात एमआयटीतल्या मोठ्या मशीनवर आज्ञांची यादी एका दमात चालवायची सोय होती, तिला रनकॉम म्हणत. त्याचं हे उरलेलं शेपूट. फायलीच्या नावाआधी एक टिंब असतं, आणि टिंब असलं की फायलींच्या यादीत ती दिसत नाही. मला वाटायचं, कुण्या थोर माणसानं विचार करून हे गुपित ठेवलं असेल. पण युनिक्सच्या जुन्या मंडळींतल्या रॉब पाइकनं सांगून टाकलंय की हा सगळा आळसाचा प्रताप. प्रत्येक फोल्डरमध्ये 'मी स्वतः' आणि 'माझा वरचा' अशा अर्थाच्या एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी असतात. त्या यादीत दिसू नयेत म्हणून कुणीतरी पूर्ण नाव तपासण्याऐवजी नुसतं पहिलं अक्षर तपासलं. टिंब दिसलं की गाळ. त्या एका आळसामुळं जगभरच्या मशीनमध्ये लाखो फायली बुरखा घेऊन बसल्यात. आळसाला इतकं मोठं फळ आलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. माझ्या आळसाला आलं ते पुढं सांगतो.

माझी बॅशआरसी आता चौदा वर्षांची आहे. तिच्यात अशा ओळी आहेत की त्या कशासाठी लिहिल्या ते मला आठवत नाही, आणि काढायची छाती होत नाही. एका ओळीवर मीच लिहून ठेवलंय, 'ही काढू नकोस. मागच्या वेळी काढली होतीस.' आजीच्या कोनाड्यात असाच एक पितळी डबा होता. त्यात काय आहे विचारलं की ती म्हणायची, असू दे तिथंच.

वेळेवर आपोआप काम करणारा क्रॉन नावाचा गडीही मी गावाकडच्या आबांच्या सेवेला लावला होता. पहाटे पाचला त्यांच्या फोनवर रक्तदाबाच्या गोळीची आठवण जायची होती. गेली साडेदहाला. मशीन परदेशातलं, त्याचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं, आणि मी ते बघितलंच नव्हतं. आबा म्हणाले, "मशीन पुण्यातलं दिसतंय. उशिरा उठतं."

आता मूळ गोष्ट. माझ्या धाकट्या चुलत्याच्या पोराचं हायवेला झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कॉम्प्युटर जुना, म्हणून मीच त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं आणि अर्जांचे सगळे नमुने साध्या मजकुराच्या फायलींत करून ठेवले होते. रहिवासाचे, प्रतिज्ञापत्रांचे, कर्जाचे, पोरांच्या प्रकल्पांचे, मिळून ३१२ फायली. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्या दिवाळीला मी गावी आलो तेव्हा तो एकेक फाईल उघडून हातानं नाव बदलत बसला होता. सत्ताविसाव्या फाईलवर होता.

मला हसू आलं. शिकलेल्या माणसाला येतं तसं. म्हटलं, "सरक. एक ओळीचं काम आहे."

सेड ही आज्ञा बेल लॅब्समध्ये ली मॅकमहन यांनी १९७४ च्या सुमाराला लिहिली. एका दमात शेकडो फायलींतला शब्द बदलते. तिला 'जागच्या जागी बदल' असा एक पर्याय आहे. त्याला दोन-चार अक्षरांचं शेपूट जोडलं तर ती बदलाआधी जुनी प्रत बाजूला काढून ठेवते. ते शेपूट मी जोडलं नाही. आणखी एक शहाणपण केलं. भावाचं म्हणणं होतं की नुसतं वाशी लिहिलं की टपाल नवी मुंबईच्या वाशीला जातं. आमचा तालुका वाशी. म्हणून त्याच ओळीत 'वाशी'चं 'वाशी (धाराशिव)' करून टाकलं. एंटर दाबलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालं. त्यानं चहा सांगितला. तो चहा मी फार ऐटीत प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद घेऊन घरी. "दादा, हे काय झालंय बघ बरं." पहिलं वाक्य होतं : 'मी तेरखेडा येथील कायम रहिवाशी (धाराशिव) असून...' शुद्धलेखनाप्रमाणं 'रहिवासी' लिहिलं असतं तर वाचलो असतो, पण अर्जात 'रहिवासी' लिहिणारा माणूस आमच्या तालुक्यात नाही.

पुढचं प्रतिज्ञापत्र नावबदलाचंच होतं. जुन्या कागदांवरचा जिल्हा आणि नवा जिल्हा एकच, असं शपथेवर सांगायचं. ते आता असं झालं होतं : 'शासनाने धाराशिव जिल्ह्याचे नाव धाराशिव केले असून धाराशिव व धाराशिव हा एकच जिल्हा आहे.' "ह्यात खोटं काहीच न्हाई," तो म्हणाला, "पर वकील लई हसले." सातवीतल्या एका पोराच्या प्रकल्पात तर इतिहासच नव्यानं घडला होता : 'सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून गावाला धाराशिव हे नाव पडले.'

आणि मग शेळी. आमच्या भागातली उस्मानाबादी शेळी देशात नावाजलेली. बहुतेक काळीभोर, काटक, आणि पुष्कळदा जुळी करडं देणारी. कर्जाच्या अर्जात दहा शेळ्या आणि एक बोकड असा हिशोब असतो. आता त्या दहाही 'धाराशिवी जातीच्या' झाल्या होत्या. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीच्या जातीचं बदलायला मी कोण?

मी म्हटलं, घाबरू नकोस, शब्दाची हद्द पाळणारी स्क्रिप्ट लिहितो. म्हणजे 'वाशी' सुटा असेल तरच धरायचा, रहिवाशीतला नाही. पायथॉनमध्ये लिहिली. ह्या खेपेला शहाणा होऊन आधी एका प्रतीवर चालवली. तिनं सुट्या 'वाशी'ला हात लावला नाही आणि 'वाशीकर' मात्र धरला! उलटंच. दोन तास डोकं धरून बसल्यावर कळलं की पायथॉनची ती सोय वेलांटी, काना, मात्रा यांना अक्षरातच धरत नाही. 'वाशी'ची दीर्घ वेलांटी तिच्या लेखी शब्दाबाहेर उभी, तिच्यापुढं मोकळी जागा, म्हणून शब्द तिथं संपलाच नाही. 'वाशीकर'मध्ये मात्र वेलांटीनंतर 'क' भेटला आणि तिला वाटलं, आली हद्द. मशीनला तेरखेडा विचाराल तर आपल्याला दिसणारी चार अक्षरं त्याला सात दिसतात आणि ती साठवायला एकवीस बाइट लागतात. मराठी आपण एका श्वासात म्हणतो, ते मशीन सुटी सुटी करून पोत्यात भरतं. हा माझा बचाव होता. भावाला तो फारसा पटला नाही.

शेवटी फायली वाचवल्या त्या दुकानातल्या तारेनं. गिऱ्हाइकाला दिलेल्या प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स तो तारेला टोचून ठेवतो, वर्षानुवर्षं. त्या उतरवून आम्ही दोघांनी तीन रात्री टंकलेखन केलं. बाहेर गावाची दिवाळी कडकडत होती. आबा एकदा दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वात पेटवलीस, अन् पळायची वाट?"

आता माझ्या बॅशआरसीत सेडचंही एक टोपणनाव आहे, 'जपून'. शेपूट जोडल्याशिवाय ते चालतच नाही. भाऊ अजून तारेवरच भरवसा ठेवतो.

तीनशे अकरा फायली जागेवर आल्या. एका कर्जाच्या अर्जाची झेरॉक्स मात्र तारेला नव्हती, आणि तो अर्ज आम्ही शोधेपर्यंत पुढं गेलेला होता. तेव्हा वाचकांपैकी कुणी बँकेत असाल आणि टेबलावर दहा धाराशिवी शेळ्या आणि एक धाराशिवी बोकड दिसला, तर कृपा करून अर्ज परत पाठवू नका. शेळ्या जुन्याच आहेत.