छायाव्यवहार

सूर्याच्या उगवण्यामावळण्याच्या वेळा पंचांगकर्त्यांनी लिहून घ्याव्यात, अर्घ्य देणाऱ्यांनी त्या सांभाळाव्यात आणि आम्हां वास्तुविशारदांनी त्या बेताने खिडक्या ठेवाव्यात, एवढाच काय तो मनुष्याचा त्या तेजोनिधीशी संबंध. त्याला हुकूम फर्मावण्याचे धाडस महाभारतात एकदा श्रीकृष्णाने केले, पण तेही जयद्रथापुरते, आणि काम होताच सूर्य जागच्या जागी रुजू करून. हल्ली मात्र आमच्या कचेरीतील, मिसरूड नुकतेच फुटलेला एक मदतनीस हेच कर्म चहाचा पेला रिकामा होण्याच्या आत शेकडो वेळा करतो, आणि त्याच्या मुद्रेवर भक्ती, भय किंवा साधे नवलही दिसत नाही.

इमारतीची सावली वर्षभरात कोठे व किती पडेल, हे तिचा पाया खणण्यापूर्वीच पाहून ठेवण्याची इच्छा काही आजची नव्हे. भास्कराचार्यांनी लीलावतीत छायाव्यवहारासाठी एक स्वतंत्र प्रकरणच राखून ठेवले आहे. पुढे पुठ्ठ्याची प्रतिकृती तिरप्या होणाऱ्या फळीवर ठेवून दिव्यालाच सूर्य मानण्याची रीत आली, आणि तीही मागे पडून स्केचअपसारख्या प्रणाल्या आल्या, ज्यांत तारखेचा एक व वेळेचा एक असे दोन स्लायडर सरकवले की पडद्यावरील सावल्या मुकाट्याने फिरतात. 21 मार्च, 21 जून, 21 सप्टेंबर व 21 डिसेंबर या चार मुकर्रर तारखांना प्रत्येक तासाचे चित्र हाताने काढून जतन करावयाचे, हे काम इतके रटाळ, की ज्याच्यावर ते सोपवले जाई तो बहुधा दुपारी तीननंतरचा सूर्य अंदाजानेच मावळवीत असे. आमच्या मदतनिसाने ही कंटाळवाणी चाकरी रुबी भाषेतल्या एका आखूड स्क्रिप्टच्या गळ्यात घातली. तारीख घ्यावी, तास घ्यावा, सूर्याला तेथे उभा करावा, चित्र काढून त्यास तारीखवार नाव द्यावे आणि पुढच्या तासाकडे वळावे, असा तिचा सारा मजकूर.

परंतु अशा आज्ञाधारक सेवकाला न सांगितलेले काहीच समजत नाही. इमारतीला गाव नेमून दिले नाही, तर ती अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात बोल्डर येथे, म्हणजे खुद्द स्केचअपच्या जन्मगावी, उभी आहे असे गृहीत धरले जाते. बोल्डर 40 अक्षांशावर आणि पुणे साडेअठरावर. त्यामुळे 21 डिसेंबरच्या मध्यान्ही तेथे इमारतीची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट पडते, तर येथे ती पुरती उंचीइतकीही भरत नाही. जूनमध्ये तर आपला माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे कलतो आणि दक्षिणेला सावली धाडतो, ही गोष्ट बोल्डरच्या उन्हाला जन्मात साधणारी नाही. आपल्या कोथरूडच्या बंगल्यावर कागदोपत्री कोलोरॅडोचे ऊन पडले, याची कल्पना नसलेले किती गृहस्थ आज त्यात सुखाने नांदत असतील कोण जाणे! शिवाय स्क्रिप्टमधून सांगितलेली वेळ ग्रीनिचच्या हिशेबाने वाचली जाते, हे ध्यानात न ठेवल्यास सकाळी नऊचा हुकूम पहाटे साडेतीनला बजावला जातो, आणि त्या घटकेला सूर्य तामिलीस हजर नसतो, याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

अक्षांश, रेखांश, उत्तर दिशा आणि साडेपाच तास अशी सारी मंडळी आपापल्या जागी बसल्यावर, पुनर्विकासास निघालेल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेपुढे ही चित्रे मांडण्यात आली. पहिली हरकत दुसऱ्या मजल्यावरील निवृत्त मामलेदारांची.

"बारा वाजता सावली थेट उत्तरेला हवी. ही पश्चिमेकडे कलली कशी?"

"अण्णा, आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे," मदतनीस म्हणाला. "पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. इथं सूर्य डोक्याशी यायला साडेबारा उलटतात."

"म्हणजे सूर्य सरकारी वेळ पाळीत नाही!" मामलेदार विजयी मुद्रेने सभेकडे वळून उद्गारले. "मुंबईची पालिका कित्येक वर्षं आपलं 39 मिनिटं मागचं घड्याळ धरून बसली होती, ती उगीच नव्हे. इतिवृत्तात नोंद घ्या."

एवढ्यावर निभावले असते. पण मदतनिसाने भोळेपणाने असे सांगून टाकले, की चारच तारखा कशाला, हवा तो दिवस आणि हवे ते मिनिट बसल्या जागी काढून मिळेल. जोवर एका चित्रामागे एका मनुष्याची संध्याकाळ खर्ची पडत होती, तोवर सभासदांच्या जिज्ञासेला चार तारखा पुरत होत्या. चित्रे फुकट झाल्याचे कळताच ज्याने त्याने आपापल्या सूर्याची दरखास्त पुढे केली. एका आजींना गच्चीवर कुरडयांसाठी चैत्रातले सकाळचे अकरा ते दोन हवे होते, तर त्याच कोपऱ्यावर पाणी तापवण्याच्या सौर पेटीचा दावा सांगणारे काका त्यांच्या अगदी समोर बसले होते. नव्या मोटारीचे एक मालक, मेच्या भर दुपारी आपल्या गाडीवर इमारतीची सावली राहावी म्हणून हटून बसले. पुण्यात त्या महिन्याच्या मध्यास सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि सावली ज्याच्या त्याच्या पायाखाली जमा होते, हे दाखवणारे चित्र पाहून त्यांनी इमारतच थोडी वाकडी बांधता येईल का, अशी पृच्छा केली.

खरा पेच सदनिकांच्या सोडतीचा होता. पश्चिमेच्या खोल्या तापणार आणि खालचे मजले हिवाळ्यात शेजारच्या मनोऱ्याच्या छायेत जाणार, हे चित्रांत इतके स्वच्छ दिसत होते, की ज्यांनी जन्मभर खिडक्यांना जाड पडदे लावून सूर्याची मनाई केली तेही उन्हावरचा आपला वडिलोपार्जित हक्क सांगू लागले. अखेरीस, सर्व चित्रे मोहोरबंद लखोट्यात घालून चिटणिसांच्या कपाटात ठेवावीत आणि सोडत निघाल्यावरच उघडावीत, कारण आधी पाहिल्यास चांगली सदनिका कोणती हे सभासदांस कळण्याचा संभव आहे, असा ठराव एकमताने संमत झाला. सूचक अर्थातच मामलेदार. सभा उठताना ते मदतनिसाला जिन्याखाली गाठून, 21 डिसेंबरच्या दुपारची तेवढी एक नक्कल खाजगीत मिळण्याची काही तजवीज होईल काय, म्हणून हळू आवाजात विचारीत होते.