डॅशबोर्डवरची बैठक

गाणं ऐकण्यासाठी माणसाने आजवर जेवढ्या जागा निवडल्या, त्यांत मोटारीइतकी अडचणीची जागा दुसरी नसावी. चारी बाजूंना काचा, त्यामुळे वरचे सूर आपटून परत येणार; खाली जाड गाद्या, त्यामुळे परत आलेल्यातले निम्मे तिथेच जिरणार. टायरांची घरघर नेमकी खर्जाच्या अंगाने चालते, म्हणून गायकाने मोठ्या मेहनतीने कमावलेला खर्ज रस्ता बिनबोभाट खाऊन टाकतो. ऐकणारा मधोमध बसलेला नाही, एका कडेला. एक स्पीकर त्याच्या उजव्या पोटरीशी आणि दुसरा पार पलीकडच्या दाराच्या तळाशी. त्यात समोरून येणाऱ्या एस.टी.ची काळजी वेगळीच. एखाद्या खाँसाहेबांना असा दिवाणखाना दाखवला असता, तर बिदागीचं पाकीट गादीवर ठेवून ते आल्या पावली परत गेले असते. आणि तरीही आमच्या घरांतली खरी बैठक आता मोटारीतच भरते. घरात गाणं लागलेलं असतं. एकीकडे फोडणी चालू असते, दुसरीकडे कुणी फोनवर बोलत असतं. मोटारीत मात्र सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले, मधूनच उठून जायची सोय नाही, आणि काय वाजणार हे ठरवण्याचा हक्क ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याचा. पूर्वी यजमानाचा असे तसा.

आमचा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळी भावंडं दादा म्हणतो, हा असा एक यजमान आहे. त्याच्याकडे नवी गाडी आली की लोक पेढे मागतात आणि मायलेज विचारतात. तो मात्र दार उघडून, मान आत घालून, दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करतो. वैद्याने पोट वाजवून पाहावं तसा. आवाज पोकळ आला की त्याचा चेहरा पडतो. मग पुढचे काही महिने तो पत्रा भरण्यात जातात: रबराच्या चिकट पट्ट्या, फोम, फेल्ट. याला त्यांच्या गोटात ‘डॅम्पिंग’ म्हणतात. त्यानंतर हेड युनिट, ॲम्प, दारांत कंपोनंट आणि डिकीत वूफर. डिकीत वूफर बसला की तिथे बॅगा बसत नाहीत, मग बॅगा मांडीवर येतात. मांडीवरच्या बॅगांनी पुन्हा आवाज शोषला जातो, असं दादाचं निरीक्षण आहे, आणि म्हणून आम्ही त्याच्याबरोबर जाताना शक्यतो नेसत्या वस्त्रांनिशी जातो.

हा नाद त्याला आतोबांकडून आला. आतोबांची प्रीमियर पद्मिनी होती: गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत, पुढची सीट बाकासारखी अखंड, आणि काचेच्या पुढच्या कोपऱ्यात ती छोटी त्रिकोणी खिडकी, जी थोडी तिरपी केली की वारा नेमका बुशशर्टाच्या आत शिरायचा. रेडिओला स्पीकर एकच. कोपऱ्यावरच्या वायरमनने तो असा काही जोडला होता, की ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे एक बारीक शिट्टी सुरू व्हायची आणि वेग वाढेल तशी ती चढत जायची. आतोबा ती शिट्टी ऐकून स्पीडोमीटरकडे न पाहता वेग सांगत. जुन्या हमरस्त्याने खंडाळ्याचा घाट चढताना विविध भारती डोंगराआड जायची, वळणावर पुन्हा उगवायची. शिंग्रोबाच्या देवळापाशी आतोबा रेडिओ बारीक करत, खिडकीतून नाणं टाकत, आणि देवाचं देणं देऊन झालं की आवाज पुन्हा पहिल्याइतका करत. आजही त्या काळातली काही गाणी मी चांगल्या यंत्रावर ऐकतो तेव्हा मधल्या दोन ओळी मला नको तितक्या स्पष्ट वाटतात. माझ्या हिशेबी त्या ओळींच्या जागी डोंगर आहे.

त्या पद्मिन्याही आता गेल्या. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीचं वय २० वर्षांहून जास्त चालत नाही, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. मागच्या काचेपाशी दोन लांबट स्पीकर आणि त्यांभोवती लुकलुकणारे लाल-हिरवे दिवे, असा थाट असलेल्या त्या टॅक्सींत मी अनेक दुःखी गाणी अतिशय आनंदी उजेडात ऐकली आहेत.

मोटार आणि गाणं यांचं लग्न मुळातच भांडणाने सुरू झालं. १९३० साली पॉल गॅल्व्हिन नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेत आपल्या स्टुडबेकरमध्ये रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांच्या अधिवेशनाला ते गाडी घेऊन गेले. मंडपात दुकान मांडायची सोय नव्हती, म्हणून बाहेरच गाडी उभी करून त्यांनी रेडिओ मोठ्याने लावला. त्या मोटाररेडिओची जाहिरातही अशी गल्लीत कर्णा लावल्यासारखीच झाली, हे कळल्यापासून मला वरातीतल्या गाड्यांबद्दल थोडी सहानुभूती वाटू लागली आहे. अडचण होती ती स्पार्क प्लगची: इंजिनात ठिणगी पडली की रेडिओत तड्तड् व्हायचं. ते शमवलं आणि ‘मोटोरोला’ जन्माला आला. दोन वर्षांनी युरोपात ब्लाउपुंक्टचा रेडिओ आला, त्याची किंमत एका लहान मोटारीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती. दादाला हे मी सांगितलं, तेव्हा तो ताबडतोब वहिनींना हाक मारून म्हणाला, “ऐक, एक तृतीयांश! मी अजून पाचव्या हिश्शातही नाही.”

१९५६ साली तर क्रायस्लरने मोटारीत चक्क ग्रामोफोन बसवला. एल.पी. रेकॉर्ड ज्यांच्या प्रयोगशाळेत घडली, त्या पीटर गोल्डमार्क यांचीच ही कल्पना. डॅशबोर्डखालचा खण ओढायचा, त्यात तबकडी. मिनिटाला जेमतेम १७ फेरे, आणि खड्ड्यात उडू नये म्हणून सुई चांगली दाबून बसवलेली. तबकड्या खास त्यासाठीच काढलेल्या, घरच्या तिथे चालायच्या नाहीत. थोड्याच वर्षांत हे प्रकरण गुंडाळलं गेलं. मला त्यात एका माणसाच्या आशावादाचं फार कौतुक वाटतं. भोर–महाड रस्त्यावरून पावसाळ्यात एकदा गेलं, की सुई आणि खड्डा यांचा संसार कुठवर चालेल हे कुणालाही कळतं. पण त्यांनी रस्ता पाहिला नाही, फक्त गाणं पाहिलं.

पुढे अमर बोस आले. कलकत्त्याहून ब्रिटिशांपासून निसटून अमेरिकेला गेलेल्या क्रांतिकारकाचा हा मुलगा, एम.आय.टी.त प्राध्यापक. त्यांच्या मंडळींनी १९८३ च्या कॅडिलॅकसाठी ध्वनियोजना केली ती त्या गाडीची काच, गादी, छत यांचा हिशेब आधी मांडून. तोवर स्पीकर गाडीत बसवत असत. इथून गाडीलाच वाद्य मानायला सुरुवात झाली. दादा त्यांना ‘बोससर’ म्हणतो.

या सगळ्या धडपडीमागे एक गंमत आहे. १९५८ च्या एका गाजलेल्या जाहिरातीत रोल्स-रॉइसची बढाई अशी होती, की ताशी ६० मैलांच्या वेगात गाडीतला सगळ्यात मोठा आवाज हा विजेच्या घड्याळाचा असतो. शांतता हाच ऐश्वर्याचा पुरावा. मग बाकीचेही शांततेच्या मागे लागले. काचा दुहेरी झाल्या, दारं जड झाली, आणि एक दिवस गाड्या इतक्या शांत झाल्या की शौकिनांना चुकल्यासारखं होऊ लागलं. तेव्हा २०११ सालच्या बीएमडब्ल्यू एम-५ मध्ये इंजिनाची गुरगुर स्पीकरमधून ऐकवायची सोय केली गेली. म्हणजे जो आवाज दाबल्याशिवाय गाणं ऐकू येत नव्हतं, तोच आवाज आता गाण्याच्या स्पीकरमधून, गाण्याच्याच इतमामाने येऊ लागला. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या विजेच्या गाड्यांना तर इंजिनच नाही. त्यांच्यासाठी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी आवाज घडवले, आणि आत स्पीकर १६. आतोबांच्या शिट्टीला कुणी संगीतकार लाभला नव्हता, ती पारंपरिक होती.

दादाची परीक्षा मात्र शास्त्रीय गाण्यावर चालते. नवं काहीही बसवलं की पहिली मैफल भीमसेनजींची. यात औचित्यही आहे, कारण भीमसेन जोशींना मोटारींचा विलक्षण नाद. एका गावची मैफल आटोपून दुसऱ्या गावाला स्वतः गाडी हाकत जाणारे, आणि बॉनेटखालचंही चांगलं कळणारे ते गवई. दादाची अट अशी, की तंबोऱ्याची जवारी आवाजामागे वेगळी दिसली पाहिजे (‘दिसली’ हा त्याचाच शब्द) आणि गायक नेमका समोर, डॅशबोर्डच्या मध्यावर बसलेला वाटला पाहिजे. त्यासाठी जवळच्या स्पीकरचा आवाज काही सहस्रांश सेकंद उशिरा सोडतात, म्हणजे लांबचा आणि जवळचा कानाशी एकदम पोचतात. हे जमलं तेव्हा भीमसेनजी बरोबर त्या जागी प्रकटले जिथे आमच्या वहिनींनी दुपदरी टेपने गणपती चिकटवला आहे. दादाने डोळे मिटून हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही. गाडी सुदैवाने उभी होती.

आणि मग ती खडखड सुरू झाली. खडखड नव्हेच खरं तर, किणकिण. घाटात, कधीतरी, डाव्या बाजूने. शौकिनाला जगातलं कोणतंही दुःख याच्यापुढे थिटं. दादाने ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला, डाव्या दाराचं पॅनेल उघडून वायरींना फेल्ट गुंडाळलं, चष्म्याची केस, सुटी नाणी, टोलच्या जुन्या पावत्या घराबाहेर काढल्या. एकटा घाटात जाऊन आला, तेव्हा सगळं शांत. रविवारी वहिनींना घेऊन गेला, पुन्हा किणकिण. यावरून त्याने अनुमान काढलं, की डाव्या सीटवर भार आला की तिची चौकट वाजते. मग त्याने त्या सीटवर कोलमचं पोतं ठेवलं, त्याला बेल्ट लावला आणि घाटातून लोणावळ्यापर्यंत फिरवून आणलं. पोतं निमूट बसून आलं. “मृत भार आणि जिवंत भार यांत फरक असतो,” असं म्हणून त्याने मला गाडी चालवायला बसवलं आणि जिवंत भार म्हणून स्वतः डावीकडे बसला.

भाताणचा बोगदा गेला, माडपचा गेला, घाट लागला, किणकिण नाही. पण दादा अस्वस्थ दिसला. “भीमसेनजी कुठेत रे?” तो म्हणाला. मला ते समोर, गणपतीपाशीच होते. “इथून माझ्या मांडीवर बसलेत,” तो म्हणाला, “आणि तंबोरा माझ्या दाराबाहेर लोंबतोय.” जो हिशेब उजव्या सीटसाठी मांडला, तो डावीकडे साफ विसकटत होता. डाव्या सीटवर तो स्वतःच्या गाडीत कधी बसलाच नव्हता. थोड्या वेळाने, बाहेर दरीकडे पाहत, पुटपुटला, “ही इतकी वर्षं असं ऐकतेय?”

किणकिणीचा छडा पुढच्याच फेरीत लागला, तोही मला, कारण मी मागे बसलो होतो. दादा घाटात ट्रकच्या मागून एकदम बाहेर निघाला की वहिनींचा हात आपोआप दारावरच्या हँडलला जातो. हँडल वर आणि हातात काचेच्या बांगड्या. वूफरचा ठोका पडला की त्या वाजतात. मी हे सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “अहो, मग ट्रक जरा सावकाश काढा. हात खाली राहील.” दादाने या उपायावर गंभीरपणे विचार केल्यासारखं दाखवलं. डॅम्पिंगच्या पट्ट्यांहून तो स्वस्त होता.

हल्ली वहिनी गाडीत असल्या की दादा पडद्यावरचं काहीतरी दाबून ‘डावी सीट’ निवडतो. गवई सरकून त्यांच्यासमोर येतात आणि दादाच्या वाट्याला गाण्याची पाठ येते. वहिनींनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या, “छान येतंय. मला वाटायचं गाडीत तसंच असतं.” त्यानंतर खोपोलीच्या अलीकडेच त्यांना डुलकी लागली आणि पूर्ण सुरात असलेले भीमसेनजी एका झोपलेल्या श्रोत्यासमोर लोणावळ्यापर्यंत गात राहिले. मी उजवी सीट परत लावायला सुचवलं, तर दादाने नुसती मान हलवली. मग निदान मागच्या सीटचं काही करता येतं का, एवढं तरी मी विचारलं.

“मागच्यांनी चिक्की खावी,” दादा म्हणाला. “आणि कागद वाजवू नकोस.”