पण अंगावर कोण?

पेठेतल्या आमच्या सरांच्या खिशात पेन नसतं, भिंग असतं. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. शिकवणं तेवढं थांबलेलं नाही. भवानी मंडपात आपल्याला पारवा दिसतो, सरांना पारव्यावरची माशी. आणि तिथंही त्यांचं भागत नाही. "ते झालं हो, पण तिच्या अंगावर कोण?"

मागं एकदा तालमीतलं एक पोरगं ढाबळीतलं मलूल कबूतर घेऊन आलं. सरांनी पंख उलगडला तशी पिसांतून एक चपटी माशी खेकड्यागत तिरकी पळाली. पोरानं चिमटीत धरून दाबली. तिला ढिम्म काही झालं नाही.

"अशी मरायची न्हाई ती. धर तशीच."

मग सुरू. ही माशी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, आतच दूध पाजते. बाहेर आली की अळीचा लगेच कोष. कबुतरांचा मलेरियासारखा आजार हीच पसरवते, हे अल्जीरियात सर्जंट बंधूंनी 1906 साली दाखवलं.

"सर, औषध?"

"थांब की जरा!"

भिंग माशीच्या पोटावर. काही माश्यांवर तिथं माइटची टिंबाएवढी मादी रुतून बसलेली असते, भोवती तिची अंडी. तिची पिल्लं मोठी होऊन पक्ष्याच्या कातडीत खरूज करतात. असली मादी दिसली तर सरांची दिवाळी. माशी मोकळी निघाली की तोंड उतरतं. त्या दिवशी उतरलं. मग उवांवर आले: पंखातल्या सडपातळ उवा माशीचा पाय धरून दुसऱ्या कबुतरावर जातात, अंगावरच्या जाड्या उवांना ते जमत नाही. हे सांगताना ते माझ्या पोटाकडं का बघतात, देव जाणे.

काकूंच्या फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी स्पिरिटमधल्या माश्यांची बाटली असते. त्यावर काकूंच्याच अक्षरात: 'मुरांबा नव्हे.'

चौकात कुणा दादांच्या वाढदिवसाचा फलक लागला, तरी सर दादांकडं बघत नाहीत. वाकून सगळ्यात खालच्या ओळीतला सगळ्यात बारीक फोटो शोधतात.

त्या कबुतराला शेवटी पावडर लावली, माश्या झडल्या, आणि आठवड्यात ते उडायला लागलं. तेव्हा मलूल पारवा सापडला तर सरांकडं जरूर न्या. फक्त जेवून जा.