परवानगी देणारे गुरुजी

पारशिवनीच्या ऑनलाईन सेंटरात सातबारा आणि उत्पन्नाच्या दाखल्याची रांग कितीही असो, एक खुर्ची रिटायर्ड गुरुजींची असते. काम काही नसतं. आल्यागेल्याला "कोन्या गावचे? करंभाड? मंग तिथले पाटील तुमचे कोन लागते?" एवढं विचारायचं. असे गुरुजी तालुक्यागणिक एक तरी सापडतात.

पुण्यातल्या पोरानं या गुरुजींना कॉम्प्युटर घेऊन दिला. गुरुजींची एकच अडचण : परवानगी मागणाऱ्याला नाही म्हणवत नाही. जन्म गेला "गुरुजी, आत येऊ?" ऐकण्यात. त्यामुळे जी वेबसाईट "नोटिफिकेशन पाठवू का?" विचारेल, तिला लगेच 'अलाऊ'. राशिभविष्यवाले, क्रिकेटवाले, गुडघेदुखीवाले, सगळे पडद्याच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसले. त्यातच एक ढालवाला घुसला : तुमच्या कॉम्प्युटरात 5 व्हायरस!

गुरुजींनी त्याच्यावर टिचकी मारली. पडदा लालभडक, भोंगा सुरू, एक बाई इंग्रजीत ओरडते आहे, वर मायक्रोसॉफ्टचे चार चौकोन आणि खाली फोन नंबर. दुसऱ्याची गाळण उडाली असती. गुरुजींनी चष्मा पुसला, सगळा मजकूर वाचला, स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या आणि नंबर फिरवला. (तुम्ही फिरवू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच, आणि नुसत्या वेबपानाला तुमच्या कॉम्प्युटरातले व्हायरस मोजता येत नाहीत. एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राऊझर बंद करा, भोंगा गप्प.)

पलीकडून 'पीटर' बोलला. हिंदीत.

"पीटर म्हणजे कोन्ते? आडनाव काय, बाप्पा?"

पीटर गडबडला. त्यानं घाईघाईनं विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावला. त्यात लाल खुणांची रांग. "देखिए, कितना खतरा है!" धडधाकट कॉम्प्युटरातही अशा नोंदी असतातच, हे पीटरला पक्कं ठाऊक. पण गुरुजींची हयात लाल शाईत गेलेली. "येवढ्या चुका तं माह्या चौथीतल्या हुशार पोट्ट्याच्या वहीत राहत. घाबरता काऊन?"

मग एनीडेस्क टाका, आकडा सांगा, असा लकडा सुरू झाला. तो आकडा सांगितला आणि समोर आलेल्या विनंतीला हो म्हटलं की तुमचा माऊस त्याच्या हातात आणि तुमची बँक त्याच्या डोळ्यांपुढे. गुरुजी म्हणाले, "सांगतो ना जी. पहिले मूळ गाव सांगा." पीटरनं फोन आपटला.

असले पीटर नवे नाहीत. 2016 च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या. तिथली पोरं करखात्याचे साहेब बनून अमेरिकेतल्या लोकांना फोनवर दमदाटी करून पैसे उकळत होती. तिकडे कोणी मूळ गाव विचारत नसावं.

गुरुजींना राग आला तो चौकशी अर्धवट राहिल्याचा. सेंटरचा पोरगा घरी आला. पैसे गेले तर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लावायचा, हे त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून दिलं आणि ब्राऊझरच्या सेटिंगमधून एकेकाची परवानगी काढायला बसला. ढालवाला गेला, क्रिकेटवाला गेला.

"राशिभविष्यवाला राहू दे ना बे," गुरुजी म्हणाले, "त्यानं इचारूनच पाय ठेवला होता."