पाखराचं खातं

इतवारीत जमिनीला इतका भाव, की ती उघडी ठेवणं कुणाला परवडत नाही. किराणा ओळ, लोहा ओळ, रेशीम ओळ, पलीकडे सराफा. खाली दुकान, मागे गोदाम, वर घर आणि घराच्या डोक्यावर गच्ची. त्यामुळे इथं बाग म्हणजे तेलाचे रिकामे पिपे, रंगाच्या बादल्या आणि गळायला लागल्यावर निवृत्त झालेली पाण्याची टाकी. अशाच एका गच्चीवर मसाल्याचे ठोक व्यापारी असलेले एक गृहस्थ फुलपाखरं पाळतात. ओळीतली लहानथोर मंडळी त्यांना 'भाऊ' म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणतात.

भाऊंच्या आधीच्या पिढ्यांची हयात किडीपासून माल वाचवण्यात गेली. धण्याला सोंडा लागू नये, मिरचीला जाळी धरू नये, म्हणून आजोबा रात्री उठून पोती हुंगत असत. त्याच घरात नातवानं कीड पाळायला घेतली, तीही घरचं खायला घालून.

सुरुवात गोडलिंबापासून झाली. (पुण्या-मुंबईकडे ज्याला कढीपत्ता म्हणतात, तो नागपुरात गोडलिंब.) पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली, भाऊ ती झटकायला गेले आणि शीट चालायला लागली. लिंबावरच्या फुलपाखराची, म्हणजे लाइम बटरफ्लायची, अळी लहानपणी हेच सोंग घेते. शीट कोण खाणार, या हिशेबावर तिचं बालपण सुखरूप पार पडतं. कात टाकत टाकत शेवटच्या अवस्थेत ती हिरवीगार, धष्टपुष्ट होते. तेव्हा तिला कुणी डिवचलं, तर डोक्यामागून केशरी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढून ती असा आंबट, उग्र दर्प सोडते, की डिवचणारा मागे सरतो. भाऊंनी हे शिंग मॅक्रो लेन्सनं टिपण्यासाठी अळीला काडीनं इतक्या वेळा डिवचलं, की शेवटी तिनं शिंग काढणंच सोडून दिलं. वास मात्र भाऊंच्या बोटांना जेवणापर्यंत राहिला आणि त्या दिवशी वहिनींनी त्यांना पाट वेगळा मांडला.

आता हे शहर संत्र्याचं. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लिंबूवर्गीय फळांचं संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही इथंच, अमरावती रस्त्यावर. आणि शेतीच्या पुस्तकांत हेच फुलपाखरू 'पाने खाणारी अळी' या मथळ्याखाली गुन्हेगारांच्या यादीत बसलेलं. रोपवाटिकेतली कोवळी कलमं ते बोडकी करून टाकतं. अळ्या दिसल्या की हातानं वेचून नष्ट कराव्यात, असा सल्ला तिथं मिळतो. भाऊंचे साडू काटोलचे, संत्र्याचे बागायतदार. ते एकदा गच्चीवर आले, जाळीच्या पेटीत डोकावले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"आमी तिकडं औषध मारून मारून थकलो जी," शेवटी ते म्हणाले, "अन् तुमी इथं तिले पोसून रायले?"

भाऊंनी त्यांना कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. साडूंनी ते लक्षपूर्वक पाहिले आणि विचारलं, "यायले कोणतं औषध लागू पडते?"

फुलपाखरं पाळणं या शब्दांत फसवणूक आहे. खरं काम पानं पिकवण्याचं. अंडं जेमतेम मिलिमीटरभराचं. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी टकटक करून पानाची चव घेते (या मंडळींना चव पायानं कळते) आणि एका पानावर एखादंच अंडं घालून पुढे जाते. दोन-चार दिवसांत अळी बाहेर येते, आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते आणि मग पानाकडे वळते. पहिले काही दिवस खर्च किरकोळ. शेवटच्या अवस्थेत मात्र ती जे खाते, ते आधीच्या सगळ्या आयुष्यात खाल्लं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. पिप्यातला गोडलिंब तेव्हा दोन दिवसांत खराटा होतो. बाजारातून जुडी आणायची म्हटलं तर भीती फवारणीची. औषधाचा अंश असलेलं पान खाल्लं की अळी गेलीच. म्हणून भाऊ भाजीबाजारात जाऊन उलटी मागणी करतात.

"बाई, किडकी पानं हायेत का?"

"चांगली असतांनी किडकी कायले नेता?"

"किडकीच पायजे. किडे लागलेली."

त्या बाई आता भाऊ दिसले, की टोपलीच्या तळाची जुडी न विचारता काढून ठेवतात. पैसे पूर्ण घेतात.

घरात फोडणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कढीला चार पानं हवी असली, तर वहिनींना गच्चीवर अर्ज करावा लागतो. भाऊ प्रत्येक पान उन्हाकडे धरून, उलटंपालटं करून अंड्याची तपासणी करतात आणि मग मंजुरी देतात. तोवर खाली तेल जळतं.

गोडलिंबावर आणखी एक भाडेकरू येतो, कॉमन मॉरमॉन. नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. मादीची गंमत वेगळी. काही माद्या नरासारख्याच दिसतात. काही 'कॉमन रोज' या चवीला वाईट फुलपाखराची नक्कल करतात. काही 'क्रिमसन रोज'ची. ही दोन्ही रोज मंडळी अळीपणी ईश्वरीच्या वेलावर वाढतात आणि त्या वेलाचं विष अंगात बाळगतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनच्या अंगात विष नाही, नुसतं पाकीट तसं आहे. डुप्लिकेट मालाचे सगळे प्रकार पाहिलेल्या इतवारीला याचं नवल वाटू नये. पण जीवांना शास्त्रीय नावं देणारा लिनियससारखा माणूसही या पाकिटाला फसला. १७५८ साली त्यानं नराला एक जात आणि मादीला दुसरी जात ठरवून दोन नावं दिली आणि एका संसाराचा शास्त्रोक्त काडीमोड केला. हा सगळा वेषपालट एकाच जनुकाच्या हाती आहे, 'डबलसेक्स' त्याचं नाव, हे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर'मध्ये दाखवलं. भाऊंनी ही बातमी घरात मोठ्या आवाजात वाचली. आपल्या कढीतल्या झाडावर जागतिक संशोधन चालतं, यावर वहिनींचं म्हणणं एवढंच, की मग त्या संशोधकांनी एक जुडी पाठवावी.

गच्चीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या फटीत, कुणीही न लावलेली रुई आहे. तिच्यावर दोन पक्षांचा हक्क. एक मारुतीरायाचा, दर शनिवारी. दुसरा प्लेन टायगर नावाच्या तांबूस फुलपाखराचा, बाकी सगळे दिवस. रुईच्या चिकातलं विष पोटात साठवून ही अळी मोठी होते आणि पुढे त्या जोरावर फुलपाखरू भर चौकात सावकाश, मिरवत उडतं. एका शनिवारी भाऊंच्या आत्यांनी घाईत पानं तोडली, अकरा पानांची माळ केली आणि देवळात दिली. पुजाऱ्यांनी ती घातली. थोड्या वेळानं मारुतीच्या गळ्यापाशी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचं, काळ्या मिशांचं काहीतरी हललं. रांगेतल्या एकीनं हात जोडले, दुसरीनं चप्पल शोधली. भाऊ डबा घेऊन पोचले तेव्हा अळीनं नैवेद्याला सुरुवातही केली होती. परत आणताना त्यांनी आधी फोटो काढला, हे आत्यांनी अजून विसरलेलं नाही.

याहून मोठा पेच घोळाच्या भाजीनं घातला. पावसाळ्यात मोकळ्या मातीत घोळ आपोआप येते आणि विदर्भात ती आवडीनं खाल्ली जाते. तिच्यावर डॅनेड एगफ्लाय अंडी घालते. हिची मादी प्लेन टायगरची इतकी हुबेहूब नक्कल करते, की भाऊसुद्धा भिंग लावून पाहतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीपर्यंत हे फुलपाखरू पहिल्या अनुसूचीत होतं, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. वहिनी विळी घेऊन घोळ कापायला बसल्या आणि भाऊंनी कायद्याचं कलम काढलं. त्या म्हणाल्या, ताडोब्याला जाऊन वाघ दिसत नाही अन् तुमच्या घरात तो भाजीत निघतो. त्या दिवशी घरात पिठलं झालं.

फोटोचं प्रकरण वेगळंच. पाळण्यात संयम लागतो, असं सगळे सांगतात. फोटो काढण्यात शेजाऱ्यांचा संयम लागतो. मॅक्रो लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा इतका अरुंद, की भाऊंनी श्वास सोडला तरी मिशा फोकसमधून जातात. सकाळी फुलपाखरू गारठलेलं असतं, पंख पसरून ऊन घेत बसतं, तीच वेळ. आणि तीच वेळ शेजारची गादी झटकण्याची, पलीकडच्या कूलरच्या चाचणीची आणि खाली ट्रकमधून पोती उतरवण्याची. ट्रक इमारतीला टेकला, की फोटोत एका फुलपाखराची तीन होतात.

नरांना क्षार लागतात, म्हणून ते ओल्या मातीवर घोळक्यानं बसतात. भाऊंनी परातीत वाळू घालून तिच्यावर मिठाचं पाणी शिंपडलं. नर आले, परातीला प्रदक्षिणा घालून भाऊंच्या घामेजल्या बनियानवर बसले आणि सोंड लावून पिऊ लागले. मुलानं काढलेला तो फोटो भाऊंच्या संग्रहातला तांत्रिकदृष्ट्या सर्वांत निर्दोष. नातेवाइकांत तो पाठवायला वहिनींची बंदी आहे, कारण बनियान.

कोषाची रात्र हा या छंदातला महत्त्वाचा मुहूर्त. लाइम बटरफ्लायची अळी काडीला कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून टेकते. कोष कधी हिरवा, कधी तपकिरी. आजूबाजूला जसं असेल तसा. बाहेर पडायच्या आदल्या रात्री तो गडद होतो आणि आतल्या पंखांची नक्षी दिसू लागते. एकदा एक कोष गडद झाला. भाऊंनी तिपाई लावली, दिवा लावला, थर्मास भरला आणि जागरणाला बसले. पहाटे कोषाला बारीक भोक पडलं. त्यातून एक चमकदार माशी निघाली, मागून दुसरी, मग रांगच. ही परोपजीवी गांधीलमाशीची पिल्लं. कोष नुकताच बांधलेला, मऊ असताना त्यांच्या आईनं आत अंडी घातलेली असतात. पिल्लं फुलपाखराला आतून खाऊन वाढतात. भाऊंच्या गोडलिंबावर अळी पोसली गेली आणि अळीवर हे. दोन टप्प्यांचा हा व्यवहार व्यापाऱ्याच्या लगेच ध्यानात आला. माशांचे फोटो मात्र अप्रतिम निघाले.

गोदामाचे उंदीर हा शेवटचा वाटेकरी. त्यांनी एकदा पुठ्ठ्याचं खोकं कोषांसकट फस्त केलं, तेव्हा भाऊंना चर्चिलनं आधार दिला. १८९६ साली बंगळूरला लष्करात असताना विन्स्टन चर्चिलनं बंगल्याच्या बागेत फुलपाखरं जमवली होती. तो सगळा संग्रह एका उंदरानं खाल्ला. चर्चिलनं उंदीर पकडला आणि आपल्या टेरियर कुत्र्याकडून त्याचा निकाल लावला. कुत्र्याचं नावही विन्स्टन. ज्याला पुढे हिटलरशी लढायचं होतं, त्यालाही उंदरानं सोडलं नाही, हे भाऊ ओळीत सगळ्यांना सांगतात. भाऊंकडे कुत्रा नाही. गोदामात मांजर आहे, पण तिला कोषात रस नाही, फुलपाखरांत आहे.

तक्रारी श्रावण अमावास्येच्या सुमारास वाढतात, कारण पावसात अळ्याही वाढतात. बाहेर येणारं फुलपाखरू पंख वाळवताना तांबूस थेंब टाकतं. एकदा ते शेजारच्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर पडले आणि रक्ताचा संशय आला. याच सुमारास, तान्ह्या पोळ्याला, काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ची, पिवळीची १८८५ची. महागाईपासून खोकल्यापर्यंत सगळी पीडा तिच्यासोबत शहराबाहेर धाडायची असते. यंदा भाऊंच्या दारासमोर गर्दी थबकली आणि ओळीतल्या पोरांनी वर पाहून एका सुरात घोषणा दिली, "अळ्या-गिळ्या घेऊन जा गे मारबत!" आवाजात शेजारचा झब्बा सर्वांत पुढे होता. भाऊंनी वरून फोटो काढला. पिवळी मारबत त्यात छान आली.

सध्या त्यांची नजर राणी पाकोळीवर आहे, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉनवर. काळ्या मखमली अंगावर निळी झाक, तळहाताएवढा पसारा. २०१५ साली महाराष्ट्रानं तिला राज्य फुलपाखरू केलं. तिलाही लिंबाच्याच जातीची पानं लागतात. सरकारी दर्जाचा पाहुणा, त्याला पिप्यात कसं ठेवायचं, म्हणून भाऊंनी पपनसाचं कलम आणलं आणि त्याच्यासाठी सिमेंटची मोठी कुंडी घेतली. चार हमालांनी ती तीन जिने चढवली. वहिनींनी कुंडीचं माप पाहिलं, हमाली विचारली आणि गोडलिंबाची फांदी तोडून खाली जाता जाता म्हणाल्या, "ती आली न जी, तर तिच्याकडून आगाऊ भाडं घ्या. हमाली आपण भरलीये."